यंत्राचे हात आणि स्वादुपिंडाची शिवण

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत बोलण्याचे निमंत्रण देताना चिटणिसांनी विषयाची मोकळीक आम्हांस दिली, तेव्हा त्यांची अपेक्षा बहुधा अशी असावी की, आम्ही मराठ्यांच्या उत्तरेकडील मोहिमांवर काही बोलू. बी. ए. ला आमचा विषय इतिहास होता आणि गणेशोत्सवात या विषयावर आम्ही आपणांस पूर्वी दोन वेळा छळलेही आहे. आज मात्र आम्ही स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रियेवर बोलणार आहोत. विशेषतः ती यंत्राच्या साहाय्याने केली असता त्यातील गुंतागुंत कशी टाळतात यावर. या विषयात आमचा अधिकार काही नाही. सभागृहात मंडळाचे दोन डॉक्टर सभासद बसलेले दिसतात. त्यांनी आमच्या चुका भाषणानंतर चहाच्या वेळी पदरात घालाव्यात, मध्येच उठून नव्हे, एवढीच विनंती.

विषय निवडण्यास कारण घडले ते असे. दोन वर्षांपूर्वी आमच्या मेहुण्यांना कावीळ झाली. पोटात दुखणे नाही, ताप नाही. डोळे पिवळे, अंगास खाज आणि लघवीचा रंग काळ्या चहासारखा. प्रथम आपल्याकडे होते ते सर्व झाले: उसाचा रस, पथ्य, कोणी सांगितलेली झाडपाल्याची पुडी. यात तीन आठवडे गेले. मग सोनोग्राफी, सीटी आणि दुर्बिणीतून काढलेल्या तुकड्याची तपासणी झाली, आणि निदान हाती आले. पित्ताची नळी व स्वादुपिंडाची नळी जेथे आतड्यात उघडतात, त्या मुखाशी गाठ होती. शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नव्हते, आणि ती शस्त्रक्रिया पोटावरील सर्वांत मोठ्या शस्त्रक्रियांपैकी एक.

घरात चर्चा सुरू झाली ती एकाच प्रश्नाभोवती. पोट उघडून करावयाची, की ‘रोबो’ने? एका महानगरातील रुग्णालयात गेलो, तेथे गुळगुळीत कागदावरील रंगीत पुस्तिका आमच्या हाती ठेवण्यात आली. चार हातांचे ते यंत्र तीत पानोपानी विराजमान होते. आम्ही सरकारी माणूस; आम्ही विचारण्यासारखे सर्व विचारले. यंत्र कोणत्या देशाचे, खर्च किती, विमा मान्य होतो काय, रुग्णालयातील मुक्काम किती दिवसांचा. मेहुण्यांच्या पत्नी गणिताच्या शिक्षिका आहेत. त्या सर्व वेळ गप्प होत्या. शेवटी त्यांनी एकच प्रश्न विचारला : “डॉक्टर, ही शस्त्रक्रिया आपण स्वतः आजवर किती वेळा केली आहे?” उत्तर आले, “आमच्याकडे सर्वांत अद्ययावत यंत्र आहे, बाई.” त्यांनी पुस्तिका टेबलावर परत ठेवली व नमस्कार करून त्या उठल्या. आम्हांस त्या वेळी त्यांचा थोडा रागच आला होता. पुढील काही आठवड्यांत जे वाचले, ऐकले आणि पाहिले, त्यावरून तो राग अस्थानी होता हे कळून चुकले. आजचे भाषण म्हणजे त्या चुकीची कबुलीच आहे असे समजावे.

प्रथम त्या अवयवाची ओळख करून घेऊ. स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला आडवे टेकून बसलेले असते. लांबी साधारण पंधरा सेंटिमीटर, म्हणजे वितीहून कमी. आकार आडव्या ठेवलेल्या मुळ्यासारखा : जाड डोके उजवीकडे, आतड्याच्या पहिल्या वळणाच्या कुशीत, निमुळते शेपूट डावीकडे, पांथरीला भिडलेले. इन्सुलिनमुळे या पिंडाचे नाव मधुमेहाच्या संदर्भात आपणां सर्वांस ठाऊक आहे. पण शल्यविशारदाची झोप उडविते ते त्याचे दुसरे काम. रोज सुमारे दीड लिटर पाचकरस हा पिंड तयार करतो. हा रस मांस पचवितो, चरबी पचवितो. आणि तो स्वतःलाच पचवीत नाही, याचे कारण निसर्गाने त्यातील तीव्र द्रव्ये निद्रिस्त ठेवली आहेत. आतड्यात पोहोचल्यावर तेथील दुसऱ्या एका द्रव्याच्या स्पर्शाने ती जागी होतात. आता कल्पना करा की, हा रस नळीतून आतड्यात न जाता एखाद्या टाक्याच्या फटीतून पोटाच्या पोकळीत झिरपू लागला. तो ज्याला लागेल त्याला पचवू लागेल. जवळच्या रक्तवाहिनीची भिंतही त्यातून सुटत नाही.

डोक्याकडील गाठीची जी शस्त्रक्रिया, तिला व्हिपल यांचे नाव आहे. तीत स्वादुपिंडाचे डोके, आतड्याचे पहिले वळण, पित्ताशय, पित्तनळीचा खालचा भाग आणि बहुधा जठराचा थोडा भाग काढतात. काढणे हे अर्धे काम. उरलेले अर्धे म्हणजे तीन जोड : पित्तनळी आतड्याला, जठर आतड्याला, आणि स्वादुपिंडाचा कापलेला तोंडवळा आतड्याला. पहिले दोन जोड क्वचितच दगा देतात. तिसरा जोड मात्र आजही, निष्णात हातांतही, साधारण दहापैकी एक ते दोन रुग्णांत त्रासदायक इतका गळतो. आमच्या विषयाचे सारे मर्म या तिसऱ्या जोडात आहे.

तो इतका अवघड का, हे एका शल्यविशारदांनी आम्हांस समजावले ते विसरता येत नाही. जुनाट सुजेने किंवा गाठीच्या दाबाने घट्ट झालेले स्वादुपिंड टाका धरते, आणि त्याची नळीही फुगून रुंद झालेली असते. ज्याचे स्वादुपिंड उत्तम, निरोगी आणि मऊ, त्याची नळी तीन मिलिमीटरहून बारीक. त्यात टाका घालणे म्हणजे खरवसाच्या वडीत दोरा ओवून ती दुसऱ्या वडीला बांधण्यासारखे आहे. गाठ किंचित जास्त ओढली की वडी कापली गेली, किंचित सैल राहिली की फट राहिली. अवयव जितका चांगला तितका धोका अधिक, असा हा उलटा न्याय आहे. आमच्या मेहुण्यांची गाठ नळीच्या मुखाशी होती व पिंड स्वतः निरोगी होता. म्हणजे ते नेमके या वर्गात बसत होते.

थोडा इतिहास सांगितल्यावाचून आमच्याने पुढे जाववत नाही. इटलीत कोडिव्हिला यांनी १८९८ साली हा प्रयत्न केला, तो रुग्ण वाचला नाही. बर्लिनमध्ये काउश यांना १९०९ साली यश आले. पण पद्धत रूढ केली ती न्यूयॉर्कच्या अॅलन व्हिपल यांनी. ते जन्मले १८८१ साली, इराणातील उर्मिया या गावी, अमेरिकन मिशनरी आईबापांच्या पोटी. त्यांच्या एका आरंभीच्या रुग्णात जोडासाठी कॅटगट वापरला होता. हा धागा जनावराच्या आतड्यापासून करतात. स्वादुपिंडाच्या रसाने तो धागाच पचवून टाकला, जोड सुटला आणि रुग्ण दगावला. पुढे त्यांनी रेशीम वापरले, आणि १९३५ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. गुंतागुंत कमी करण्याचे पहिले तंत्र हे असे धाग्याच्या निवडीत सापडले, हे आम्हांस मोठे सूचक वाटते. तरीही पुढे कित्येक दशके या शस्त्रक्रियेनंतर चारपैकी एक रुग्ण दगावत असे. १९७० साली क्राइल नावाच्या अमेरिकेतील नामांकित शल्यविशारदाने, गाठ काढण्याऐवजी नुसता वळसा घालून पित्ताची वाट मोकळी करून देणेच रुग्णाच्या हिताचे, असा निबंध लिहिला. आणि १९९३ साली बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील कॅमेरॉन व त्यांचे सहकारी यांनी लागोपाठ १४५ शस्त्रक्रिया एकही मृत्यू न होता केल्याचे प्रसिद्ध केले.

या दोन निबंधांच्या दरम्यान तेवीस वर्षे गेली, आणि त्या तेवीस वर्षांत यंत्रमानव नव्हता. सीटी आली, अतिदक्षता विभाग आले, रक्तवाहिनीतून सूक्ष्म नळी घालून रक्तस्राव थांबविण्याची विद्या आली. आणि मुख्य म्हणजे ही शस्त्रक्रिया वाटेल तेथे न करता थोड्या ठिकाणी, त्याच त्या हातांनी, पुनःपुन्हा होऊ लागली. २००२ साली अमेरिकेत वृद्धांच्या सरकारी विम्याच्या नोंदींवरून एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या रुग्णालयांत स्वादुपिंडाची अशी शस्त्रक्रिया वर्षाकाठी सरासरी एकही होत नसे, तेथे मृत्यूचे प्रमाण शेकडा १६.३, जेथे सोळांहून अधिक होत, तेथे शेकडा ३.८. आमच्या नोकरीत आम्ही आयुष्यभर तक्ते पाहिले; पण दोन रकान्यांतील इतका मोठा आणि इतका साधा फरक आमच्या पाहण्यात दुसरा नाही. बाईंनी विचारलेला प्रश्न तो हाच होता.

आता यंत्राकडे वळू. मराठीत आपण यास ‘यंत्रमानव’ म्हणतो, आणि त्या शब्दाने घोटाळा होतो. हा मानव नव्हे. तो स्वतःहून एक टाकाही घालीत नाही. दा व्हिंची नावाच्या ज्या यंत्रास अमेरिकेत २००० साली पोटाच्या शस्त्रक्रियांसाठी मान्यता मिळाली, त्याची आजची रचना अशी. रुग्णाच्या पोटावर बोटभरही रुंद नाहीत अशी पाच-सहा छिद्रे. त्यांतून आत जाणारे चार हात : एक दुर्बिणीचा, तीन हत्यारांचे. शल्यविशारद त्याच खोलीत, काही फुटांवर, एका मेजाशी डोळे लावून बसतो आणि बोटांनी कळा चालवितो. त्याची बोटे जे करतील ते हत्यारांची टोके आत करतात. रुग्णाशेजारी दुसरा शल्यविशारद उभा असतोच. हत्यारे बदलणे, रक्त शोषून घेणे आणि प्रसंग पडला तर तत्काळ पोट उघडणे ही त्याची कामे.

याचे लाभ खरे आहेत, ते नाकारण्यात अर्थ नाही. दृश्य दोन्ही डोळ्यांचे, खोलीसकट आणि कित्येक पटींनी मोठे दिसते. तीन मिलिमीटरची नळी त्यात चांगली ऐसपैस भासते. साध्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत हत्यार काठीसारखे सरळ असते. येथे टोकाला मनगट असते आणि ते माणसाच्या मनगटाहूनही अधिक वळते. हाताचा सूक्ष्म कंप यंत्र गाळून टाकते. बोट तीन सेंटिमीटर हलले तर आतील टोक एकच सेंटिमीटर हलेल अशी व्यवस्था करता येते. उणीवही मोठी होती : स्पर्श नाही. धागा किती ताणला हे हाताला कळत नाही, डोळ्यांनी ओळखावे लागते. म्हणून शिकाऊ माणसाच्या हातून यंत्राने धागे तुटतात किंवा, त्याहून वाईट, खरवसाची वडी कापली जाते. २०२४ साली मान्यता मिळालेल्या नव्या आवृत्तीत जोराची जाणीव बोटांपर्यंत पोहोचविण्याची सोय केली आहे.

स्वादुपिंडाच्या डोक्याची शस्त्रक्रिया यंत्राने प्रथम २००१ साली इटलीतील ग्रोसेतो येथे जुलियानोत्ती यांनी केली. त्यापूर्वी १९९४ साली साध्या दुर्बिणीने ती करून दाखविण्यात आलीच होती. येथे हॉलंडची एक कथा सांगितली पाहिजे. डच लोक मोठे हिशेबी. दुर्बिणीची शस्त्रक्रिया खरोखर श्रेयस्कर आहे काय, हे पाहण्यासाठी त्यांनी चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे दोन गट केले. ९९ रुग्ण झाले आणि देखरेख करणाऱ्या समितीने चाचणी मध्येच थांबविली. कारण दुर्बिणीच्या गटात ५० पैकी ५ जण गुंतागुंतीने दगावले होते, पोट उघडलेल्या गटात ४९ पैकी १. हे २०१९ साली प्रसिद्ध झाले. जखम लहान होती, पण आतील जोड तेवढाच अवघड राहिला होता; किंबहुना काठीसारख्या हत्यारांनी तो अधिकच अवघड झाला असावा. आम्हांस कौतुक वाटते ते त्यांनी आपले अपयश छापले याचे. कार्यालयात अशा फायलीचे काय होते हे आम्ही जाणतो.

यानंतर डच शल्यविशारद यंत्राकडे वळले, पण एकदम नव्हे. आधी आभासी सराव; मग कृत्रिम स्वादुपिंड आणि कृत्रिम आतडे घेऊन जोड शिवण्याचा सराव, त्याची ध्वनिचित्रफीत अनुभवी माणसाकडून तपासून घेणे; आणि त्यानंतर पहिल्या काही खऱ्या शस्त्रक्रिया अनुभवी मार्गदर्शकाच्या समोर. हा अभ्यासक्रम त्यांनी अमेरिकेतील पिट्सबर्गकडून घेतला. पिट्सबर्गच्या मंडळींनी आपल्या पहिल्या दोनशे यांत्रिक शस्त्रक्रियांचा ताळेबंद २०१५ साली मांडला, तो आमच्या मते या सर्व वाङ्मयातील सर्वांत प्रामाणिक कागद आहे. पहिल्या वीस शस्त्रक्रियांनंतर रक्तस्राव कमी झाला. पहिल्या चाळीस होईपर्यंत जोडाची गळती शेकडा २७.५ होती, ती त्यानंतर १४.४ वर आली. वेळ मात्र ऐंशी झाल्यावरच आटोक्यात आला : सरासरी ५८१ मिनिटांवरून ४१७ मिनिटांवर. आणि हे सर्व जण आधीपासून स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रियेत मुरलेले होते! यंत्र तेच होते, पहिल्या दिवशीही आणि दोनशेव्या दिवशीही. बदलले ते मेजाशी बसलेले माणूस. बंधूंनो, त्या पहिल्या चाळीस रुग्णांत आपले माणूस असावे की नसावे, हा प्रश्न पुस्तिकेत छापलेला नसतो.

यंत्र विरुद्ध उघडी शस्त्रक्रिया अशा चिठ्ठ्या टाकून केलेल्या चाचण्या २०२४ साली प्रसिद्ध झाल्या. चीनमधील चाचणीत १६१ रुग्ण होते. यंत्राच्या गटाचा रुग्णालयातील मुक्काम ११ दिवस, दुसऱ्या गटाचा साडेतेरा. गंभीर गुंतागुंत दोहोंकडे सारखीच. जर्मनीतील हायडेलबर्गच्या लहान चाचणीतही एकंदर गुंतागुंतीत यंत्राची सरशी दिसली नाही. म्हणजे निष्णात हातांत यंत्र सुरक्षित आहे, माणूस थोडा लवकर घरी जातो. पण तिसरा जोड यंत्रामुळे आपोआप गळायचा थांबत नाही.

मग गळती कमी करण्यासाठी काय करतात? आमच्या शिवणकामाच्या अज्ञानासह जे कळले ते सांगतो. भगिनीवर्गास ते आमच्याहून लवकर उमजेल.

सर्वांत रूढ रीत दोन थरांची आहे. आतला थर म्हणजे स्वादुपिंडाची बारीक नळी आणि आतड्याला पाडलेले तेवढेच बारीक छिद्र यांची तोंडाला तोंड शिवण. धागा केसाहून किंचितच जाड. सभोवार पाच-सहा टाके. बाहेरचा थर या नाजूक शिवणीवरचा ताण घेण्यासाठी. लेस्ली ब्लमगार्ट यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत धागा पिंडाच्या कडेवर न अडकविता पुढून मागे आरपार नेतात, आतड्याच्या भिंतीचा घास घेतात आणि पुन्हा आरपार पुढे आणतात. असे तीन-चार फेरे. गाठ मग पिंडावर बसत नाही, आतड्यावर बसते, आणि आतड्याची भिंत पुढून-मागून पिंडाला कुशीत घेते. गोधडी शिवताना कापसावर नव्हे तर कापडावर गाठ मारतात, त्याचेच हे तत्त्व. यंत्राने शिवणारे बहुतेक हीच पद्धत थोड्याफार फरकाने वापरतात. कारण सुईला पाहिजे त्या कोनात वळविणारे मनगट या आरपार टाक्यांना फार उपयोगी पडते.

नळी बारीक असेल तर जोडातून एक सूक्ष्म नलिका घालून ठेवतात. हाँगकाँगमधील २००७ सालच्या चाचणीत १२० रुग्ण होते. ही नलिका पोटाबाहेर काढून रस बाहेर वाहू दिला त्या गटात गळती शेकडा ६.७, नलिका न घातलेल्या गटात २०.

दुसरा उपाय रक्तस्रावाचा. या शस्त्रक्रियेत एक धमनी कापून बांधावी लागते व तिचे खोड जोडाच्या जवळच उरते. रस गळला की त्या खोडाची भिंत झिजते. म्हणून अनेक शल्यविशारद यकृतापासून बेंबीकडे जाणारा एक बंध सोडवून घेतात आणि तो खोडाभोवती पांघरुणासारखा गुंडाळतात. हा बंध म्हणजे आपण आईच्या पोटात असताना नाळेतून आलेली जी शीर, तिचा जन्मानंतर मिटून गेलेला अवशेष. आईने दिलेली वस्तू साठ वर्षांनी अशी कामी यावी, याचे आम्हांस त्या रात्री फार अप्रूप वाटले होते.

शेपटाकडील गाठ काढताना आतड्याशी जोडच नसतो, केवळ कापलेले तोंड बंद करावयाचे. ते स्टेपलरने बंद करावे की हाताने शिवावे, यावर युरोपात झालेली मोठी चाचणी २०११ साली प्रसिद्ध झाली व तीत गळतीत लक्षणीय फरक आढळला नाही. स्टेपलर वापरायचा तर तो सावकाश, काही मिनिटे दाबून धरून मग चालवावा, म्हणजे मऊ पिंड फाटत नाही, असे अनेकांचे सांगणे आहे. या भागाच्या शस्त्रक्रियेत लहान छिद्रांचा फायदाही स्पष्ट आहे. डच चाचणीत माणूस सहाऐवजी चार दिवसांत हिंडूफिरू लागला.

परंतु कातडीचा शेवटचा टाका पडला म्हणजे शस्त्रक्रिया संपली, असे आम्ही समजत होतो, ती आमची सर्वांत मोठी चूक होती. गळती त्या दिवशी दिसत नाही. ती तिसऱ्या, पाचव्या, आठव्या दिवशी दिसते. म्हणून जोडाजवळ एक रबरी नळी ठेवून तिचे दुसरे टोक बाहेर बाटलीत सोडतात. त्या बाटलीतील द्रवात अमायलेज हे द्रव्य किती, यावरून गळती ओळखतात. २००५ पर्यंत गळती कशास म्हणावे यावरच एकमत नव्हते. प्रत्येकाची व्याख्या निराळी, म्हणून प्रत्येकाचे आकडे सुंदर! त्या वर्षी आंतरराष्ट्रीय गटाने ठरविले की, तिसऱ्या दिवशी किंवा नंतर द्रवातील अमायलेज रक्तातील कमाल मर्यादेच्या तिपटीहून जास्त असेल तर ती गळती. २०१६ साली त्यात सुधारणा करून, ज्या गळतीने उपचारात काहीच बदल करावा लागत नाही तिला गळतीतून वगळले. व्याख्या बदलली की आकडे बदलतात हे आमच्या खात्यास नवे नाही.

त्या नळीचेही शास्त्र आहे. पूर्वी ती जितकी जास्त दिवस ठेवावी तितके सुरक्षित, असा समज होता. इटलीतील व्हेरोना येथे २०१० साली पाहिले गेले की, पहिल्या दिवशीचे अमायलेज पाच हजारांच्या आत असणाऱ्या रुग्णांची नळी तिसऱ्या दिवशी काढली तर गळती शेकडा १.८, आणि पाचव्या दिवसापर्यंत किंवा त्याहून अधिक ठेवली तर २६. उपयोग नसलेली नळी स्वतःच अपाय करते. ज्यांचा धोका खरा, त्यांची मात्र ठेवावी लागते.

आणि आता पुन्हा हॉलंड. २०२२ साली त्यांनी जे प्रसिद्ध केले त्यात एकही नवे हत्यार नाही, नवे औषध नाही. देशातील स्वादुपिंडाची शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्व सतरा रुग्णालयांत एक नियमावली लागू केली : शस्त्रक्रियेनंतर रोज ठरावीक गोष्टी पाहावयाच्या. ताप, रक्ताच्या तपासण्या, नळीतील द्रव, रुग्णाची एकंदर स्थिती. अमुक दिसले तर वाट न पाहता सीटी करावयाची. सीटीत द्रव साठलेला दिसला तर पोट न उघडता सुईने नळी घालून तो काढावयाचा. अमुक दिसले तर प्रतिजैविक द्यावयाचे. १७४८ रुग्णांच्या या अभ्यासात गंभीर रक्तस्राव, अवयव निकामी होणे किंवा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण शेकडा १४ वरून ८ वर आले, आणि नव्वद दिवसांतील मृत्यू ५ वरून ३ वर. रोजच्या वेळी रोजची नोंद, एवढेच.

आमच्या मेहुण्यांचे काय झाले, हे सांगावयाचे राहिले. येथून दीड दिवसाच्या रेल्वेप्रवासावर असलेल्या दुसऱ्या एका रुग्णालयात आम्ही त्यांना नेले. तेथील शल्यविशारदांना बाईंनी तोच प्रश्न विचारला. ते खुर्चीत मागे टेकले, आणि उघड्या शस्त्रक्रिया किती, यंत्राने किती, त्यांपैकी गळती किती जणांना, मृत्यू किती, हे चारही आकडे त्यांनी न अडखळता सांगितले. मग म्हणाले, “यांचे पिंड मऊ असणार, नळी बारीक आहे. यंत्राने करीन, पण मध्ये अडचण वाटली तर पोट उघडीन; त्याला मी माझी हार समजत नाही, आपणही समजू नये.” बाईंनी मान डोलावली. शस्त्रक्रिया साडेसात तास चालली, यंत्रानेच पूर्ण झाली. नाळेच्या बंधाचे पांघरूणही घातले होते.

तिसऱ्या दिवशी अमायलेज बरेच चढलेले निघाले. नळी ठेवणे भाग होते. बाईंनी चौकडीच्या पानांची एक वही घेतली व परिचारिकेच्या नोंदींखेरीज स्वतःची नोंद सुरू केली : वेळ, मिलिलिटर, रंग. रंगाच्या रकान्यात ‘पाण्यासारखा’, ‘फिकट चहा’, ‘गढूळ’ असे शब्द आहेत. आम्ही ती वही पाहून हसलो होतो.

आठव्या दिवशी पहाटे तीनच्या नोंदीत रंगाच्या रकान्यात ‘गुलाबी’ असे लिहिले आहे. द्रव जेमतेम दोन चमचे होता. मेहुणे शांत झोपले होते, नाडी ठीक, रक्तदाब ठीक. रात्रपाळीची परिचारिका म्हणाली, सकाळी डॉक्टर येतीलच. बाई म्हणाल्या, “ते म्हणाले होते, लाल काही दिसले तर मला उठवा. आपण उठवा, नाहीतर मी उठविते.” अशा थोड्याशा रक्तामागून काही तासांत मोठा रक्तस्राव येऊ शकतो, हे त्या शल्यविशारदांनी सर्वांनाच आधी सांगून ठेवले होते, ध्यानात राहिले होते ते बाईंच्या. चार वाजता सीटी झाली. कापलेल्या त्या धमनीच्या खोडावर वाटाण्याएवढा फुगा आला होता. साडेपाचला मांडीच्या धमनीतून सूक्ष्म नळी वर नेऊन, पोटास हात न लावता, तारेच्या वेटोळ्यांनी तो बंद करण्यात आला. चार हातांचे यंत्र त्या वेळी खालच्या मजल्यावर आच्छादन घालून उभे होते. आम्ही जिना उतरताना काचेतून ते पाहिले.

गळती हळूहळू आटली. चोविसाव्या दिवशी नळी काढली. मेहुणे आज घरी आहेत, पित्तमुखाच्या गाठीचे पुढील उपचार पूर्ण झाले आहेत, दर सहा महिन्यांनी तपासणी होते, आणि जेवणाबरोबर स्वादुपिंडाच्या रसाच्या गोळ्या घ्याव्या लागतात. त्या दुसऱ्या रुग्णालयाचे शल्यविशारद निरोप देताना बाईंकडे ती वही मागू लागले. नव्या परिचारिकांना दाखवावयाची म्हणाले. बाईंनी दिली नाही. नक्कल करून घ्या म्हणाल्या, मूळ प्रत घरी ठेवायची आहे. त्यांनी बावन्न पाने आपल्या हाताने यंत्रावर ठेवून नक्कल काढली, आणि शेवटच्या पानावर, चोविसाव्या दिवसाच्या ओळीत, रंगाच्या रकान्यात काय लिहिले आहे ते वाचून हसले. तेथे लिहिले होते : ‘वरणभात’.